शाळेखालची जमीन कोणी तपासायची?

लॉस एंजेलिसच्या उंच टॉवरांच्या पश्चिमेला, टेकडीच्या उतारावर, व्हिस्टा हर्मोसा नावाचं एक उद्यान आहे. साधारण दहा एकरांचं. ओकची झाडं, चढउताराच्या पायवाटा, फुटबॉलचं मैदान, आणि बाकावर टेकलं की फांद्यांमधून समोर उभं राहणारं अख्खं शहर. मी गेलो तेव्हा मैदानावर दहा-बारा वर्षांच्या मुलांचा सामना चालला होता. गोल झाला की कडेला बसलेल्या आया उठून टाळ्या वाजवायच्या. एका आजोबांनी नातवाच्या बुटाची सुटलेली नाडी वाकून बांधली आणि पाठीवर थाप मारून त्याला पुन्हा मैदानात पिटाळलं. शेजारीच एडवर्ड आर. रॉयबल लर्निंग सेंटर हे सार्वजनिक हायस्कूल आहे.

उद्यान आणि शाळा, दोन्ही एकाच जमिनीचे तुकडे. साधारण पस्तीस एकरांची ही जागा मुळात बेल्मॉंट लर्निंग कॉम्प्लेक्स या नावाने शाळेसाठी ठरली होती. १९९४ मध्ये तिच्यातल्या महत्त्वाच्या तुकड्याची खरेदी झाली. १९९७ मध्ये बांधकाम सुरू झालं. १९९९ मध्ये जमिनीखालच्या ज्वालाग्राही वायूवरून ते वादात सापडलं आणि २००० च्या जानेवारीत शाळा मंडळाने अर्धवट उभ्या इमारती सोडून द्यायचं ठरवलं. २००२ मध्ये पुन्हा हालचाल झाली, तर त्याच वर्षी जमिनीखाली भूकंपाची भ्रंशरेषा, म्हणजे जिथून जमीन तुटून सरकू शकते ती भेग, सापडली. अखेर २००८ मध्ये घंटा वाजली. एका हायस्कूलला चौदा वर्षं लागली, आणि खर्च ३५ कोटी डॉलरच्या पुढे गेला.

या प्रकरणाकडे पैशाचा घोटाळा म्हणून पाहिलं गेलं, आणि तसं पाहायला आधार होता. मला मात्र त्यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. सार्वजनिक शाळा जिथे उभी राहणार ती जमीन तपासायची जबाबदारी कोणाची, आणि कधी? माझं उत्तर असं: तपासणी व्यवहाराच्या आधी झाली पाहिजे, आणि शाळा उभी राहिल्याने ज्याला ना पैसा मिळणार ना श्रेय, अशा माणसाने ती केली पाहिजे. आणि एकदा आकडे हातात आले की निर्णय त्या आकड्यांवर झाला पाहिजे. घाई असो की लाज, दोन्ही तिथे आड येता कामा नयेत.

आधी गरज किती खरी होती ते सांगायला हवं. या विषयावर बोलणारे बहुतेक जण थेट चौकशी अहवालापासून सुरुवात करतात आणि मुलं मागेच राहतात. या जागेपासून जवळच बेल्मॉंट हायस्कूल आहे, १९२३ साली सुरू झालेलं. नव्वदच्या दशकात तिथे पाच हजारांवर विद्यार्थी होते. मेक्सिको, एल साल्वादोर, ग्वाटेमालाहून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. आईबाप शिवणकाम करणारे, हॉटेलांमध्ये साफसफाई करणारे, रोजंदारीवर जाणारे. एवढी मुलं एका वेळी इमारतीत मावत नसत, म्हणून शाळा बाराही महिने चालायची. विद्यार्थ्यांचे गट पाडलेले असायचे. एक गट सुट्टीवर गेला की त्याच्या बाकांवर दुसरा येऊन बसायचा. शहरातल्या सर्वांत गर्दीच्या शाळांमध्ये यासाठी ‘कॉन्सेप्ट सिक्स’ नावाचं वेळापत्रक लावलं होतं. त्यात वर्षाच्या नेहमीच्या १८० दिवसांऐवजी १६३ दिवसच शाळा भरायची. रोजचे तास थोडे लांबवून मिनिटांचा हिशेब जुळवला जायचा, पण दिवस गेले ते गेलेच. वर्षाला सतरा, म्हणजे चार वर्षांच्या हायस्कुलात अडुसष्ट. तरीही जी मुलं उरायची त्यांना बसमध्ये बसवून लांब सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या शाळांकडे पाठवलं जायचं. पहाटे निघालेलं पोर संध्याकाळी घरी येणार, मग त्याने खेळायचं कधी आणि अभ्यास करायचा कधी? आणि या शहराने जवळपास तीन दशकांत एकही नवं मोठं हायस्कूल बांधलेलं नव्हतं.

तेव्हा या वस्तीला शाळा हवी होती, आणि लवकर हवी होती, यात वादच नाही. घाई करणाऱ्या प्रत्येकाचा हेतू वाईट होता असं मी मानत नाही. वर्षानुवर्षं पालकांची तोंडं चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला एखादी मोठी जमीन दिसली, तर त्याचं मन तिच्यावर बसणं साहजिक आहे. पण भरगच्च शहराच्या मध्यावर एवढी मोठी जागा मोकळी मिळते, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडायला हवा: ही आजवर मोकळी का राहिली?

उत्तर लपलेलं नव्हतं. शाळेचा पत्ता आहे कोल्टन स्ट्रीट. १८९२ साली एडवर्ड डोहेनी आणि चार्ल्स कॅनफिल्ड यांनी कुदळ-फावडं घेऊन जी पहिली तेलविहीर खणली ती याच परिसरात. काळ्या, चिकट डांबराने भरलेली एक गाडी रस्त्याने जाताना डोहेनीने पाहिली, ती कुठून आली ते विचारलं आणि तिथेच जमीन घेतली, असं सांगतात. पुढच्या काही वर्षांत या टेकड्यांवर शेकडो विहिरी झाल्या. लोकांच्या परसात, दोन घरांच्या मधल्या बोळात तेल काढायचे लाकडी मनोरे उभे राहिले. तेल आटलं तसे मनोरे गेले. त्या काळी विहीर नीट बुजवण्याचे नियम असे नव्हतेच. वर माती आली, गवत उगवलं, वस्ती झाली, आणि खालचा वायू मात्र जिथल्या तिथे राहिला.

हेही शहराला ठाऊक होतं. २४ मार्च १९८५ ला याच शहराच्या फेअरफॅक्स भागात कपड्यांच्या एका दुकानात जमिनीखालचा मिथेन साठून स्फोट झाला. २३ माणसं जखमी झाली, आणि आसपासच्या फटींतून ज्वाळा येत राहिल्या. ते दुकानही अशाच जुन्या तेलक्षेत्रावर होतं. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी त्याच शहरातला शाळा जिल्हा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था, जुन्या तेलक्षेत्रावर हायस्कुलासाठी जमीन घेतो, आणि तीही खाली किती वायू आहे याची पुरती मोजणी न करता. आपल्याकडे म्हणतात तसं पाण्यात म्हैस, वर मोल. म्हैस विकत घेणाऱ्याचं नुकसान फार तर त्याच्या गाठीच्या पैशाचं होतं. इथे मोल ठरवणारे वेगळे होते आणि त्या जमिनीवर रोज सात तास बसणारे वेगळे.

मिथेनला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा हलका असल्याने तो वर सरकत राहतो आणि जिथे कोंडला जाईल तिथे साठतो. फरशीखाली, भिंतीच्या पोकळीत, वायरी नेण्यासाठी काढलेल्या नळ्यांमध्ये. हवेत त्याचं प्रमाण साधारण पाच ते पंधरा टक्के झालं की एका ठिणगीने भडका उडतो. त्याच्याबरोबर या जागेत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही सापडला. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास थांबल्यासारखा वाटतो. ज्या क्षणी धोका सगळ्यात मोठा, त्याच क्षणी माणसाला वाटतं की धोका टळला.

शाळेच्या फरशीखाली वायू साठणं म्हणजे काय, हे अमेरिकेने एकदा पाहिलेलं आहे. १८ मार्च १९३७, टेक्सासमधलं न्यू लंडन. तेलाच्या पैशावर श्रीमंत झालेला तो शाळा जिल्हा. गॅसचा खर्च वाचवायला त्यांनी तेलक्षेत्रातून वाया जाणाऱ्या वायूच्या वाहिनीला जोड घेतला. कुठेतरी गळती झाली आणि इमारतीखालच्या पोकळीत वायू भरत गेला. त्याला वास नव्हता, त्यामुळे कोणाला कळलं नाही. दुपारी शाळा सुटायच्या बेतात असताना कार्यशाळेत एका शिक्षकाने लाकूड घासायच्या विजेच्या यंत्राचं बटण दाबलं. जवळपास तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. घरगुती गॅसला मुद्दाम वास घालण्याचा कायदा त्यानंतर आला. आज सिलिंडर गळला की आपल्या नाकाला जे कळतं, त्यामागे त्या मुलांचे प्राण आहेत. म्हणून बेल्मॉंटच्या जागेवर मिथेन आहे हे ऐकून ज्या आया घाबरल्या त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्या घाबरल्या तेच शहाणपणाचं होतं.

आता हा व्यवहार झाला कसा ते पाहू. शाळा, तिच्या जोडीला दुकानांचं संकुल, आणि आराखड्यापासून बांधकामापर्यंत सगळं एकाच विकासक गटाकडे, अशी ती योजना होती. अशा पद्धतीत काम झपाट्याने होतं, कारण आराखडा पूर्ण व्हायच्या आधीच पाया खणायला घेता येतो. पण याच कारणाने जमिनीचा प्रश्न मागे ढकलला जातो. यंत्रं जागेवर आलेली असतात, माणसं लावलेली असतात, थांबण्याचा प्रत्येक दिवस पैशात मोजला जातो. बांधकामावर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बोअर घेताना निघालेल्या मातीच्या नळकांड्या लाकडी खोक्यात ओळीने मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर खोली लिहिलेली. जो कोणी ती खोकी लक्ष देऊन पाहतो त्याला जमीन स्वतः होऊन सगळं सांगते. कुठे भर टाकलेली आहे, कुठे काळपट तेलकट डाग आहे, कुठे वास येतो. पण ती खोकी काम सुरू झाल्यावर उघडली, तर पाहणाऱ्याच्या पाठीशी कंत्राटदार उभा असतो, आणि पाहणाऱ्याचा पगारही त्याच कामातून निघत असतो.

बेल्मॉंटमध्ये सल्ला देणारे, देखरेख करणारे आणि बांधणारे एकमेकांत इतके गुंतले होते, की शाळा जिल्ह्याच्या वकिलांचे हितसंबंध दुसऱ्या बाजूलाही आहेत की काय, हा वाद कोर्टापर्यंत गेला. उंदराला मांजर साक्ष, असं ज्याला म्हणतात ते टाळण्याची व्यवस्थाच तिथे नव्हती. माझ्या लेखी या प्रकरणाचं मूळ इथे आहे. एखादा माणूस लाचखाऊ निघाला असता तर त्याला काढून प्रश्न मिटला असता. इथे ‘थांबा’ म्हणण्यासाठी नेमलेला आणि थांबल्याने ज्याचं काही बिघडणार नाही, असा एकही माणूस साखळीत नव्हता.

१९९९ मध्ये शाळा जिल्ह्याच्या अंतर्गत लेखापरीक्षकाने अहवाल दिला आणि नऊ जणांवर कारवाईची शिफारस केली. राज्याच्या विधिमंडळातही चौकशी झाली. शाळा जिल्ह्याचे प्रमुख, म्हणजे अधीक्षक, रूबेन झकारियास यांचं पद त्याच वर्षाच्या धुमश्चक्रीत गेलं. आणि पुढच्या जानेवारीत मंडळाने ठरवलं, की हे काम सोडून द्यायचं.

इथे मी अनेकांशी असहमत आहे. खरेदीचा निर्णय चुकला असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. सोडून देण्याचा निर्णयही त्याच जातीचा होता, हे फारसं कोणी म्हणत नाही. १९९४ मध्ये मोजमाप पुरतं न करता जमीन घेतली. २००० मध्ये हातात मोजमापं यायला लागली होती, उपायही माहीत होते, तरी मंडळ लाजेने मागे हटलं. मिथेन आहे म्हणजे बांधता येत नाही असं नाही. लॉस एंजेलिसचा केवढा तरी भाग मिथेन क्षेत्रात येतो आणि तिथे घरं, दुकानं, कचेऱ्या उभ्या आहेत. पायाखाली खडीचा थर घालतात, त्यात छिद्रांच्या नळ्या पसरतात, वर जाड प्लॅस्टिकचं अभेद्य आवरण अंथरतात, नळ्यांची तोंडं छपराच्या वर नेऊन सोडतात, आणि खोल्यांमध्ये वायू ओळखणारी उपकरणं बसवून त्यांना भोंगे जोडतात. वायूला इमारतीत कोंडून न ठेवता वाट करून द्यायची, एवढंच त्यामागचं तत्त्व. शहराने २००४ मध्ये याचे नियमच केले. खर्च मोठा आहे, कायमची देखभाल आहे, पण विद्या हातातली आहे. २००० साली प्रश्न इतकाच होता, की कोणावर विश्वास ठेवून ती वापरायची. तो विश्वास आधीच्या सहा वर्षांत उधळून टाकलेला होता.

सोडून देण्याची किंमत शून्य नव्हती, पण ती मंडळाच्या कोणत्याही कागदावर दिसली नाही, कारण ती मुलांनी भरली. एक साधा हिशेब करा. १९९४ च्या शरद ऋतूत बालवर्गात गेलेली एखादी मुलगी घ्या, याच वस्तीतली. ती पहिलीत गेली, पाचवीत गेली. ती चौथीच्या आसपास असताना शाळेचे खांब वर येताना तिला रस्त्यावरून दिसले असतील. ती पाचवीत असताना काम सोडून दिलं गेलं. माध्यमिक शाळेत असताना खाली भ्रंशरेषा असल्याची बातमी आली. २००७ च्या जूनमध्ये ती बारावी झाली. शाळा उघडली २००८ मध्ये. तिचं बालवर्गापासून बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण त्या जमिनीच्या वादात निघून गेलं, आणि तिने चार वर्षं काढली ती गर्दीत किंवा बसमध्ये. ज्यांनी जमीन घेतली, ज्यांनी सोडली, ज्यांनी अहवाल लिहिले, त्यांच्यापैकी कोणाच्याही आयुष्यातली चौदा वर्षं अशी गेली नाहीत.

२००० मध्येच कोलोराडोचे माजी गव्हर्नर रॉय रोमर अधीक्षक झाले. काम पूर्ण करायची भूमिका त्यांनी घेतली, आणि नव्या तपासणीत दोन इमारतींच्या खालून भ्रंशरेषा गेल्याचं दिसलं. ही बातमी ऐकून लोकांनी कपाळावर हात मारला. मला मात्र वाटतं की आठ वर्षांत पहिल्यांदा काही नीट घडलं ते तेव्हाच. कोणीतरी जमीन खणून पाहिली, जे सापडलं ते लपवलं नाही, त्या दोन इमारती पाडायचं ठरवलं आणि उरलेलं पुढे नेलं. आकड्यांवर आणि पुराव्यावर घेतलेला निर्णय असा दिसतो. तो महाग पडला, वेदनादायक होता, पण तो टिकला. शाळा उभी आहे, आणि त्याच जमिनीच्या एका भागावर उद्यान झालं.

याला दोन आक्षेप आहेत, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप न्यायाचा. श्रीमंत वस्तीतल्या मुलांसाठी कोणी तेलक्षेत्र निवडलं असतं का? ज्यांच्या आईबापांना मताचा अधिकारही नाही, अशा स्थलांतरितांच्या मुलांच्याच वाट्याला अशी जमीन का? हा प्रश्न मला पटतो, आणि वस्तीतल्या ज्या कार्यकर्त्यांनी तो लावून धरला त्यांचं ऋण आहे. पण याच शहराला लागून असलेल्या बेव्हर्ली हिल्सचं उदाहरण विचार करायला लावतं. तिथल्या हायस्कुलाच्या आवारात कित्येक दशकं चालत्या तेलविहिरी होत्या. मुलांनी रंगवलेल्या फुलांच्या कापडाने झाकलेला मनोरा लांबून दिसायचा, आणि शाळा जिल्ह्याला त्यातून उत्पन्न मिळायचं. पुढे माजी विद्यार्थ्यांनी आजारांसाठी त्या विहिरींना जबाबदार धरत दावे केले. म्हणजे श्रीमंतांच्या मुलांखालीही तेल होतंच. फरक इतका, की एका ठिकाणी त्याचा पैसा शाळेकडे येत होता आणि दुसऱ्या ठिकाणी शाळेकडून जात होता. मोठ्या शहरात स्वच्छ, मोकळी, स्वस्त जमीन शाळेची वाट पाहत थांबलेली नसते. गरीब वस्तीला फक्त निर्धोक जमिनीवरच शाळा द्यायची असा हट्ट धरला, तर बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ शाळा न देणं असाच होतो. न्याय हवा असेल तर तो तपासणीत मागितला पाहिजे. बेव्हर्ली हिल्सच्या पालकांना जेवढी उत्तरं मिळतील तेवढीच वेस्टलेकच्या, म्हणजे या शाळेच्या वस्तीतल्या, पालकांना मिळाली पाहिजेत, त्यांच्या भाषेत, आणि व्यवहारावर सही होण्याआधी.

दुसरा आक्षेप वेळेचा. एवढ्या तपासण्या करत बसलो तर शाळा होणार कधी? हा आक्षेप अधिकारी घेतात, कंत्राटदार घेतात, आणि कधीकधी थकलेले पालकही घेतात. त्याला कॅलिफोर्नियाच्या इतिहासानेच उत्तर दिलेलं आहे. १० मार्च १९३३ ला संध्याकाळी सहा वाजायला पाच-सहा मिनिटं असताना लॉंग बीचला भूकंप झाला. सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या. तोच धक्का दुपारी बसला असता तर किती मुलं गेली असती याचा विचार करवत नाही. महिन्याभरात राज्याने फील्ड कायदा केला. सार्वजनिक शाळेचे आराखडे राज्याच्या तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय आणि बांधकामावर स्वतंत्र निरीक्षक असल्याशिवाय शाळा बांधायची नाही. तेव्हाही लोक म्हणाले असतील की याने कामं रखडतील. त्या कायद्याखाली नव्वद वर्षं शाळा बांधल्या जात आहेत. १९७२ मध्ये सक्रिय भ्रंशरेषेवर इमारती बांधायला बंदी करणारा कायदा आला. तेव्हाही बांधकाम थांबलं नाही.

बेल्मॉंटनंतरचा अनुभवही तेच सांगतो. १९९९ मध्ये राज्याने कायदा केला, की शाळेसाठी नवी जागा घेण्याआधी तिच्या मातीची, तिच्यावर पूर्वी काय होतं याची तपासणी राज्याच्या विषारी पदार्थ नियंत्रण खात्याच्या देखरेखीखाली झाली पाहिजे. नियम कडक झाले आणि त्याच काळात लॉस एंजेलिसने शाळा बांधायचा सपाटा लावला. रोमर यांनी बांधकाम विभागाची सूत्रं नौदलात बांधकामं केलेल्या निवृत्त अभियंत्यांकडे दिली. मतदारांनी १९९७, २००२, २००४, २००५ आणि २००८ असं पाच वेळा कर्जरोख्यांना होकार दिला, आणि खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची समिती होती. पुढच्या दीडेक दशकात सुमारे १३० नव्या शाळा उभ्या राहिल्या. कॉन्सेप्ट सिक्स हे वेळापत्रक गेलं. त्यात २००० साली दाखल झालेल्या आणि २००४ मध्ये मिटलेल्या, गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या अपुऱ्या सोयींबद्दलच्या विल्यम्स खटल्याचाही मोठा वाटा होता. एका शाळेला चौदा वर्षं लावणारा जिल्हा तपासणीची शिस्त लागल्यावर वर्षाला कित्येक शाळा बांधू लागला. तेव्हा ‘तपासणीने उशीर होतो’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याला हा काळ दाखवावा.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. अँबॅसडर हॉटेलच्या जागेवर, जिथे १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या जागेसाठी शाळा जिल्हा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून धडपडत होता. डोनाल्ड ट्रम्प ज्यात होते त्या गुंतवणूकदार गटाशी वर्षानुवर्षं कज्जे चालले. तिथली शाळा २०१० मध्ये उघडली तेव्हा तिचा खर्च ५७.८ कोटी डॉलर झाला होता. एवढ्या पैशाचं समर्थन करणं मला जमत नाही. पण त्या खर्चाची बरीच कारणं वाद, वारसा आणि वास्तुरचनेच्या हौसेत सापडतात. मुलं आत बसल्यावर जमिनीतून काही निघालं, असं तिथे झालं नाही.

म्हणून मागणी नेमकी करावी. जमिनीची तपासणी करणाऱ्याची नेमणूक आणि त्याचे पैसे शाळा बांधणाऱ्या विभागाकडून नकोत, कंत्राटदाराकडून तर नकोतच. त्याचा निधी वेगळा हवा आणि जमीन नाकारली तरी त्याचं बिल पूर्ण मिळायला हवं. त्याचा अहवाल येईपर्यंत विसार देऊ नये, करार करू नये, भूमिपूजनाची तारीख तर ठरवूच नये. तारीख ठरली की ती पाळण्यासाठी माणसं डोळे मिटतात. अहवालात काही सापडलं तर ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ या शब्दांवर न थांबता किती खोलीवर काय आहे, कोणता उपाय, किती खर्च, पुढची पन्नास वर्षं देखभाल कोण करणार, हे लिहिलेलं हवं. वायू ओळखणारं उपकरण बसवल्या दिवशी चालतं. पंधराव्या वर्षी ते तपासायला माणूस आहे का, हे विचारणारा पालक हवा, आणि त्याला उत्तर देणं ज्याला टाळता येणार नाही असा अधिकारी हवा.

आणि एक गोष्ट मला फार करावीशी वाटते. भ्रंशरेषा शोधायला जमिनीत लांब खंदक खणतात. भूशास्त्रज्ञ शिडीने आत उतरतो, खंदकाची भिंत खरवडून स्वच्छ करतो, तिच्यावर दोऱ्याची चौकट आखतो आणि मातीचा एकेक थर पेन्सिलीने कागदावर उतरवतो. जिथे थर तुटून वरखाली सरकलेले असतात तिथे भ्रंश असतो, आणि एकदा दाखवून दिलं की तो शाळकरी पोरालाही दिसतो. तेल असलेल्या जमिनीत काळपट डागही तसाच उघड दिसतो. शाळेसाठी जमीन घ्यायची असेल तेव्हा त्या खंदकाच्या काठावर एका रविवारी वस्तीतल्या पालकांना बोलवावं, मुलांनाही येऊ द्यावं. शाळा मंडळाच्या सभासदांनी शिडीने खाली उतरावं, थरांवर हात ठेवून भूशास्त्रज्ञाला हवे ते प्रश्न विचारावेत, आणि सगळ्यांसमोर त्यांची उत्तरं ऐकावीत. मतदान त्यानंतर घ्यावं, खंदक बुजवायच्या आधी.